वरणाच्या वाटीमागील विज्ञान : डॉ. कमला सोहोनी

धाराशिव, प्रतिनिधी

मार्गशीर्ष अमावस्येला धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतील गावे दुपारपर्यंत ओस पडतात. येळवशीच्या निमित्ताने अवघे गणगोत शिवारात गेलेले असते. कडब्याच्या कोपीत पूजा होते आणि मग पंगत बसते. पानात बाजरीचे उंडे, मडक्यात आंबील आणि या दिवसाची खरी मानकरी असलेली भज्जी. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, पावटा अशी हाताला येतील ती कडधान्ये बेसनात घालून ती मंद आचेवर तासन् तास शिजवली जाते. पाहुण्याने आग्रहापोटी दोन वाट्या अधिक घेतल्या तरी ती सहसा बाधत नाही. हीच कडधान्ये कच्ची किंवा अर्धकच्ची खाल्ली तर मात्र पोट तक्रार करते.

असे का होते, या साध्या प्रश्नामागे जीवरसायनशास्त्राचा एक मोठा अध्याय आहे. तो भारतीय धान्यांच्या संदर्भात लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये एका मराठी विदुषीचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. त्या म्हणजे डॉ. कमला सोहोनी. ज्वारी, तूर आणि हरभऱ्यावर पोसलेल्या आपल्यासारख्या जिल्ह्याने तरी त्यांचे विस्मरण होऊ देता कामा नये.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे, म्हणजे त्या काळी लोकांच्या तोंडी असलेल्या टाटा इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी. थोरली बहीण दुर्गा पुढे दुर्गा भागवत या नावाने मराठी साहित्यात अजरामर झाली. आणीबाणीच्या काळात निर्भयपणे उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई महाराष्ट्राला ठाऊक आहेत. त्याच घरातील दुसऱ्या मुलीने असाच निर्धार त्याआधी चार दशके, एका प्रयोगशाळेच्या दारात दाखवला होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत आहे.

मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन कमलाबाई पदवी परीक्षेत अव्वल आल्या. साहजिकच त्यांनी वडील व काकांच्या संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाने जगभर कीर्ती पावलेले सर चंद्रशेखर वेंकट रामन. गुणवत्तेत कोणतीही उणीव नसतानाही हा अर्ज नामंजूर झाला. अर्जदार स्त्री आहे, एवढेच कारण होते. वडील आणि काकांनी रदबदली करून पाहिली, पण रामन बधले नाहीत.

बावीस वर्षांची ही तरुणी मग स्वतः बंगळूरला जाऊन थडकली. तो काळ गांधीयुगाचा होता आणि सत्याग्रह हा शब्द घराघरांत पोहोचला होता. कमलाबाईंनी तेच शस्त्र उपसले. नकाराचे सबळ कारण मिळेपर्यंत माघार घ्यायची नाही, असा त्यांचा पवित्रा होता. अखेर प्रवेश मिळाला, पण अपमानास्पद अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षाधीन राहावे लागेल, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागेल आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा त्या अटी होत्या. कमलाबाईंनी त्या मान्य केल्या. मात्र ही सल त्यांनी उतारवयातही लपवली नाही. एक थोर शास्त्रज्ञ केवळ स्त्री म्हणून एखाद्याला दार बंद करतो, याचे दुःख त्यांना अखेरपर्यंत राहिले.

बंगळूरमध्ये एम. श्रीनिवासय्या यांच्यासारखे शिस्तीचे पण दिलदार गुरू त्यांना लाभले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. हा विषय निवडण्यामागे निव्वळ शास्त्रीय कुतूहल नव्हते. मांस, अंडी ज्यांच्या ताटात क्वचितच येतात, त्या कोट्यवधी भारतीयांच्या शरीराला प्रथिने मिळतात ती मुख्यतः डाळीतून आणि थोड्याफार दुधातून. त्यांचे गुणदोष जाणल्याशिवाय कुपोषणाचा प्रश्न सुटणार नव्हता. १९३६ मध्ये त्यांनी विशेष गुणवत्तेसह एम.एस्सी. पदवी मिळवली. त्यांचे काम पाहून रामन यांनी संस्थेची दारे अन्य विद्यार्थिनींनाही खुली केली. एका मुलीच्या चिकाटीने मागून येणाऱ्या अनेकींची वाट मोकळी झाली.

यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी १९२९ मध्ये नोबेल मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा म्हणजे त्या काळची जीवरसायनशास्त्राची पंढरीच. तेथे आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या पेशींवर काम केले. बटाट्यावर प्रयोग करताना वनस्पतींच्या पेशींतही ‘सायटोक्रोम सी’ हा श्वसनक्रियेतील महत्त्वाचा घटक असतो, हे त्यांनी दाखवून दिले. अवघ्या चौदा महिन्यांत त्यांचे संशोधन पूर्ण झाले आणि प्रबंध होता केवळ चाळीस पानांचा. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या. विज्ञान शाखेत ही पदवी संपादन करणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्या ओळखल्या जातात.

परदेशात थांबून अधिक मानाचे आयुष्य जगणे त्यांना अशक्य नव्हते. त्यांनी मात्र दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाची धुरा स्वीकारली. पुढे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ मध्ये विमागणिती असलेल्या एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. येथील विज्ञान संस्थेतील जीवरसायनशास्त्र विभाग हीच यापुढे त्यांची कर्मभूमी ठरली. वाटाणे, वाल आणि डबल बी यांच्या दाण्यांत दडलेले कोडे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी येथेच हाती घेतले.

हे कोडे समजून घ्यायचे तर घासाचा प्रवास पाहावा लागेल. भाकरीचा तुकडा तोंडात चघळू लागताच लाळेतील विकर (एन्झाइम) पिष्टमय पदार्थाचे साखरेत रूपांतर करू लागते. भाकरी बराच वेळ चावली की गोडसर लागते ती यामुळेच. प्रथिनांचे पचन सुरू होते ते जठरात. तेथील तीव्र आम्लात प्रथिनांच्या गुंडाळलेल्या साखळ्या उलगडतात आणि पेप्सिन हे विकर त्यांचे मोठे तुकडे करते. पण खरे काम व्हायचे असते ते पुढे, सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात. स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन आणि त्याचे सोबती हे तुकडे आणखी बारीक करतात. अखेर अमिनो आम्ले आणि त्यांच्या अगदी छोट्या साखळ्या उरतात. आतड्याच्या आतील बाजूस असलेले बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे त्या शोषून घेतात. तेथून अमिनो आम्ले रक्तावाटे यकृतात आणि मग साऱ्या शरीरात पोहोचतात. स्नायू, रक्त, विकरे, रोगप्रतिकारक द्रव्ये या साऱ्यांची उभारणी त्यांच्यापासूनच होते.

म्हणजे अन्न पोटात गेले एवढ्याने ते अंगी लागत नाही. ते पचले पाहिजे आणि शोषले गेले पाहिजे. कडधान्यांची मेख येथेच आहे. अनेक कडधान्यांच्या दाण्यांत असे पदार्थ असतात की ते ट्रिप्सिनला घट्ट चिकटून त्याचे काम थांबवतात. किडींपासून आणि दाणे खाणाऱ्या प्राण्यांपासून बचाव करण्याची वनस्पतीची ती युक्ती असते. मात्र माणसाच्या आतड्यात गेल्यावर त्यांच्यामुळे प्रथिनांचे पचन अडखळते. ताटात प्रथिने आहेत, पण शरीराला ती मिळत नाहीत, अशी विचित्र स्थिती निर्माण होते. श्रीमंताच्या घरी त्याची भरपाई दुधातुपाने होईल. ज्याच्या ताटात प्रथिनांचा आधार फक्त डाळ, त्या मजुराच्या मुलाचे काय?

सोहोनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय खाद्यपदार्थांतील या ट्रिप्सिनरोधक द्रव्यांचा पद्धतशीर शोध घेतला. वाल आणि डबल बी यांतील अशी द्रव्ये शुद्ध स्फटिकरूपात वेगळी करण्यात त्यांना यश आले. १९५५ मध्ये ‘नेचर’ या जगद्विख्यात नियतकालिकात हे संशोधन प्रसिद्ध झाले. मराठी माणसाच्या स्वयंपाकघरातील वालाच्या दाण्याला जागतिक विज्ञानाच्या पानावर मिळालेले हे स्थान होते.

यातली दिलासा देणारी बाब अशी की, या द्रव्यांपैकी बहुतेक स्वतः प्रथिनेच असतात. पाण्यासह पुरेशी उष्णता मिळाली की त्यांची रचना मोडते आणि त्यांचा जोर बराच ओसरतो. भिजवणे, मोड आणणे यांनीही हातभार लागतो. वाल भिजवून, मोड काढून, सोलून मगच बिरडे करण्याची रीत किंवा येळवशीची भज्जी दीर्घकाळ शिजवण्याचा परिपाठ यांमागे पिढ्यान् पिढ्यांचे निरीक्षण उभे आहे. आजीबाईच्या हाताला जे ठाऊक होते, त्याचे कारण अशा प्रयोगशाळांनी उलगडले.

वरण आणि भाकरीच्या जोडीचेही तसेच आहे. शरीर स्वतः तयार करू शकत नाही अशी नऊ अमिनो आम्ले अन्नातूनच मिळवावी लागतात. ज्वारीत लायसिन कमी, तर डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरी भरून काढते. वरणावर लिंबू पिळले तर त्यातील क जीवनसत्त्वामुळे डाळीतील लोहाचे शोषण सुधारते.

गरिबाला परवडेल असे पोषण हाच कमलाबाईंच्या संशोधनाचा ध्यास राहिला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ताडवर्गीय झाडांपासून मिळणाऱ्या नीरेचा अभ्यास केला. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असल्याचे त्यांनी मांडले. आदिवासी भागातील कुपोषित मुले आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात तिचा समावेश केल्यास प्रकृतीत सुधारणा होते, असे त्यांच्या पाहणीत दिसले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दुग्ध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत मार्गदर्शन केले.

असे असूनही, विज्ञान संस्थेच्या संचालकपदाचा न्याय्य हक्क त्यांना तब्बल चार वर्षे उशिरा मिळाला. अंतर्गत राजकारण आडवे आले होते. बंगळूरला दारातच अडवलेली मुलगी मुंबईत ज्येष्ठ शास्त्रज्ञ झाल्यावरही अडवलीच गेली, पण थांबली नाही.

प्रयोगशाळेतील ज्ञान सामान्य गृहिणीपर्यंत गेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्यांपैकी एक. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षही होत्या. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लेख लिहिले. दुर्गाबाईंनी ‘खमंग’मधून खाद्यपदार्थांच्या चवीचा शोध घेतला, तर धाकट्या बहिणीने त्याच अन्नाच्या पोटात शिरून त्याचे रसायन शोधले.

१९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या सत्काराचा समारंभ योजला होता. त्या समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि नंतर लवकरच त्यांची प्राणज्योत मालवली. आयुष्यभर ज्या मान्यतेची वाट पाहावी लागली, ती हाती येत असतानाच ही कर्तृत्ववान स्त्री निघून गेली.

आज धाराशिवच्या शिवारात सोयाबीनचे क्षेत्र मोठे आहे आणि त्या सोयाबीनमध्येही ट्रिप्सिनरोधक द्रव्य असतेच. ते शिजवून, भाजून निष्प्रभ करणे हा अन्नप्रक्रिया उद्योगाचा नित्याचा भाग बनला आहे. अंगणवाडीतील मुलाच्या ताटलीत डाळ पडते तेव्हा ती किती पडली याचबरोबर ती नीट शिजली आहे का, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. तो विचारण्याची दृष्टी ज्यांनी दिली, त्यांत कमलाबाई सोहोनी यांचे स्थान मोठे आहे. पुढच्या येळवशीला कोपीपुढे भज्जीचे पहिले पान वाढले जाईल तेव्हा, वालाच्या एका दाण्यामागे उभ्या असलेल्या या विदुषीचे स्मरण व्हावे, इतकेच.