सरळ तासाचा माणूस

मासवणला आमच्या घराच्या पडवीत, भाताच्या कणगीमागे, एक लोखंडी नांगर पडून आहे. पन्नासएक वर्षांत त्याने मातीचे तोंड पाहिलेले नाही. आजोबा सांगलीकडे शाळामास्तर होते. निवृत्त होऊन गावी परतताना भांड्याकुंड्यांबरोबर त्यांनी तो रेल्वेच्या सामानातून आणला. सूर्या नदीकाठच्या आमच्या भातखाचरांत तो फारसा चालला नाही. आमच्या बैलांना तो जड आणि चिखलाला तो परका. तरी आजोबांनी तो मोडीत घालू दिला नाही. दसऱ्याला कोयती-विळ्यांबरोबर त्यालाही झेंडूची फुले वाहिली जात. लहानपणी मी त्याच्या बिडाच्या अंगावरची उठावाची अक्षरे बोटाने चाचपून वाचत असे : किर्लोस्कर.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी या नांगराची मला पुन्हा आठवण झाली. भात पिकून पिवळे झाले होते, आकाश भरून येत होते आणि कापायला माणूस मिळत नव्हता. पूर्वी पाड्यावरची पंधरा-वीस माणसे विळे घेऊन पहाटे हजर होत. आता त्यांची मुले बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळीवर जातात आणि त्यात त्यांचे चुकते असे म्हणण्याची माझी छाती नाही. मी स्वतः तरी कुठे विळा धरला? शेवटी काकांनी भाड्याचे कापणीयंत्र पाहायला बोलावले. त्याच्या चालकाने बांधावर उभे राहून खाचरे न्याहाळली आणि सांगितले की मधले दोन बांध फोडा, मगच यंत्र वळेल. त्यातला एक बांध आमच्या आणि चुलत काकांच्या सामाईकीतला. त्या बांधावरून एकदा दोन घरांचे बोलणे सात वर्षे बंद होते. तो फोडायचा म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला सांगायला नको.

त्या संध्याकाळी माझ्या पुतण्याने मोबाइलवर परदेशातली कापणी दाखवली. अवाढव्य यंत्र, चालकाचे हात मांडीवर, आणि यंत्र आपले आपण पिकाच्या ओळीत नीट चालले आहे. मक्याच्या ओळीत शिरताना यंत्राच्या तोंडाशी दोन दांड्या असतात. त्या ताटांना हलकेच घासत जातात. एक दांडी जास्त दाबली गेली की यंत्राला कळते, आपण ओळीवरून सरकलो, आणि चाके त्याप्रमाणे वळतात. गव्हासारख्या दाट पिकात ओळ हाताला लागत नाही. तिथे प्रकाशाचा झोत टाकून कापलेले रान आणि उभे पीक यांच्यामधली कड शोधतात. काही यंत्रे कॅमेऱ्याने ओळ बघतात, काही उपग्रहाच्या आधारे चालतात, आणि जमिनीवरच्या केंद्राची जोड मिळाली तर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेम धरतात. सगळे पाहून झाल्यावर काकांनी एवढेच विचारले की, त्याला आमचा बांध दिसेल काय?

त्या प्रश्नाने मला थेट लक्ष्मणराव किर्लोस्करांपाशी नेले. कारण शंभरावर वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्यांनी स्वतःला घातला होता असे मला वाटते. यंत्राने रानाला वाकवायचे, की रानाकडे पाहून यंत्र घडवायचे?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. घर वेदान्ताच्या अभ्यासाचे, पण या मुलाचे मन पाटीपुस्तकात कधी रमले नाही. चित्रे काढावीत, वस्तू उघडून पाहाव्यात हा त्याचा छंद. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत तो चित्रकार व्हायला गेला. तिथे लक्षात आले की काही रंग त्याच्या डोळ्यांना नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकार होऊ पाहणाऱ्याला याहून मोठा घाव कोणता? दुसरा कोणी गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यांत्रिक रेखाटन शिकून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक झाले. नियतीने रंग काढून घेतलेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर सरळ रेषेची उपासना केली.

शिकवता शिकवता ते यंत्रे दुरुस्त करीत, परदेशी यांत्रिक मासिके वाचीत. १८८८ साली बेळगावात रामूअण्णा या थोरल्या भावाच्या सोबतीने सायकलींचे दुकान निघाले आणि किर्लोस्कर बंधू हे नाव पाटीवर चढले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामूअण्णा त्या विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायला शिकवायचेही. पुढे तंत्रशाळेतली हक्काची बढती डावलून दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले आणि ते बेळगावी परतले.

आता करायचे काय? सायकल ही चार श्रीमंतांची हौस. देश होता शेतकऱ्यांचा. लक्ष्मणरावांनी आधी कडबा कापायचे यंत्र केले आणि मग नांगराला हात घातला. आपला लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटत नाही. लोखंडी नांगराचा फाळ माती कापतो आणि मागचा वळणदार पंखा ती पालथी घालतो, त्यामुळे तण गाडले जाते. पण मला त्या नांगरातले सर्वांत मोलाचे अंग वेगळेच वाटते. फाळाच्या एका बाजूला सपाट पट्टी असते. ती न नांगरलेल्या जमिनीच्या, फाळाने नुकत्याच कापलेल्या उभ्या भिंतीला टेकून सरकते. पंखा माती एका बाजूला ढकलतो, तेव्हा नांगर दुसऱ्या बाजूला जाऊ पाहतो. ही पट्टी त्याला आवरते. म्हणजे नांगर नुकत्याच कापलेल्या भिंतीचा हात धरून पुढचा तास सरळ ठेवतो. लाकडी नांगरात ही सारी जबाबदारी रुमण्यावरच्या हाताची. लोखंडी नांगरात तिच्यातला बराच भार खुद्द नांगरानेच उचललेला. उभ्या पिकाची कड हुंगत चालणारे आजचे यंत्र पाहिले तेव्हा मला ती पट्टीच आठवली. युक्ती तीच : झालेल्या कामाला टेकून पुढचे काम सरळ करायचे.

१९०३ च्या सुमारास असे नांगर तयार झाले, पण घ्यायला कोणी येईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत तेव्हा पसरलेली होती. पहिला नांगर विकला जायला जवळजवळ दोन वर्षे लागली. आज आपण त्या समजुतीला हसतो, पण मला शेतकऱ्याची भीती समजते. ज्याच्याकडे एकच रान आहे, तो त्यावर दुसऱ्याचा प्रयोग का करू देईल? लक्ष्मणरावांचे मोठेपण असे की त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवले नाही. तक्रारी ऐकल्या, घडण सुधारली आणि वाट पाहिली.

नांगराने जरा मूळ धरले तोच बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. मांडलेला डाव उठवायची वेळ आली. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. जमीन कसली, निवडुंगाचे माजलेले रान आणि त्यात नागसापांची वस्ती! १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. पंचवीसएक कामगार आपापली कुटुंबे घेऊन आले. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई, रामूअण्णा, शंभोराव जांभेकर अशी जिवाभावाची माणसे सोबत होती. गावठाण वसले, बागा झाल्या, शाळा झाली. वस्तीत शिवाशीव पाळायची नाही हा दंडक होता, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीच्या राखणीची जबाबदारी सोपवली गेली. माणसावर विश्वास टाकला तर तो सरळ चालतो, हा त्या राखणीमागचा हिशेब असावा.

पहिल्या महायुद्धात बीड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा देऊ केल्या आणि त्या वितळून त्यांचे नांगर झाले. याहून सुंदर शेवट एखाद्या तोफेच्या नशिबी क्वचितच आला असेल. नांगराशेजारी उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रे आणि पाण्याचे पंप आले. १९२० साली कंपनी मर्यादित झाली. त्याच साली पुतणे शंकरराव यांनी काढलेल्या मासिकाने महाराष्ट्राच्या घराघरांत वेगळीच नांगरट केली, ती विचारांची. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कारखाना होरपळला, तेव्हा लक्ष्मणराव ऐंशीच्या घरात होते. कारखाना पुन्हा उभा राहिलेला त्यांनी पाहिला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी ते गेले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले आणि कुंडल रोड स्टेशन आज किर्लोस्करवाडी म्हणूनच ओळखले जाते.

या चरित्राचा आमच्या बांधाशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध असा, की आपल्याकडे आजही यंत्र आणि रान यांची मापे जुळत नाहीत. देशावर उसाच्या तोडणीयंत्राला चार-पाच फुटांची सरी लागते, आणि अनेक शेतांत ती तीन फुटांची. मग यंत्र आणूनही उपयोग नाही. पण आपल्या पूर्वजांना हे जुळवणे ठाऊक होते. देशावरची पाभर पाहा. तिच्या फणांमध्ये जेवढे अंतर, त्याला धरूनच कोळप्याची पास घडवायची, म्हणजे पेरणीच्या ओळीतून कोळपे रोपाला न दुखवता जाते. कोळपणीला यावे म्हणून पेरणीच सरळ करायची. शेवटच्या कामाचा विचार पहिल्या दिवशी.

हेच आम्ही यंदा केले. बांध फोडले नाहीत. पावसाळ्यात चिखलात दोरी ताणली आणि चारसूत्री पद्धतीप्रमाणे अंतर राखून भाताची आवणी ओळीत केली. वाकून वाकून कंबरडे मोडले, आणि काका दोरीच्या टोकाशी उभे राहून रोप वाकडे पडले की ओरडत होते. कापणीला मोठे यंत्र न बोलावता मागून चालत ढकलायचे छोटे यंत्र भाड्याने आणले. त्याच्या तोंडाशी दातेरी चक्रे असतात. ती उभी ताटे आत ओढतात आणि कापलेले पीक एका बाजूला आडवे पडते. ओळी सरळ होत्या म्हणून ते सुरळीत चालले. खाचराच्या कोपऱ्यात ते वळेना, तिथे विळाच लागला. आठवड्याचे काम दीड दिवसात आटोपले आणि त्या दीड दिवसात पाऊस आला नाही.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या दोन वयस्क बाया नेहमीप्रमाणे विळे घेऊन बांधावर आल्या. त्यांना कारखान्यात कोण घेणार? रान निम्मे रिकामे पाहून त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. काकांनी त्यांना कोपऱ्यांची कापणी आणि झोडणी दिली आणि रोज पुरा दिला. पुढच्या वर्षी काय, याचे उत्तर ना काकांकडे आहे, ना माझ्याकडे. यंत्राने ओळ धरली, पण त्या दोघींची ओळ चुकली, एवढे त्या सकाळी कळले.

रात्री काकांनी नांगर कणगीमागून ओढून पुढे काढला, गोणपाटाने पुसला आणि फाळाला थोडे तेल लावले. कशासाठी, असे मी विचारले नाही. त्यांनी बाजूच्या त्या झिजलेल्या पट्टीवरून हात फिरवला आणि नांगर भिंतीला नीट टेकवून ठेवला.