विश्लेषण : झाडाच्या राखेतून औषध काढणारा पॅरासेल्सस कोण होता?

औषधी वनस्पतीचा अर्क काढला की उरलेला चोथा आपण फेकून देतो. युरोपातील किमयागारांची एक परंपरा मात्र तो चोथा जाळते, राखेतून क्षार काढते आणि पुन्हा अर्कात मिसळते. या पद्धतीला ‘स्पॅजिरिक’ म्हणतात. ‘वेगळे करणे’ आणि ‘एकत्र आणणे’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव आले, असे मानतात. या परंपरेचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो पॅरासेल्सस स्वतः मात्र कुठेच फार काळ टिकला नाही.

खाणीत सापडलेली कल्पना

त्याचे मूळ नाव थिओफ्रास्टस फॉन होहेनहाइम. जन्म १४९३ च्या सुमारास, स्वित्झर्लंडमधील आइन्झिडेल्नचा. वडील वैद्य. १५०२ मध्ये दोघे आजच्या ऑस्ट्रियातील फिलाख येथे आले. हा खाणींचा मुलूख. धातू दगडातच असतो, पण भट्टीत तापवून मळी बाजूला केल्याशिवाय हाती लागत नाही, हे त्याने तिथे पाहिले. पुढे हाच हिशेब त्याने वनस्पतींना लावला : झाडात गुणकारी भाग असतो, तसा निरुपयोगी आणि विषारीही असतो. ते वेगळे करणे हे वैद्याचे काम.

बाझेलमध्ये काय घडले?

बाझेलचे प्रसिद्ध मुद्रक योहान फ्रोबेन यांचा पाय कापावा लागणार होता. पॅरासेल्ससने तो वाचवला. १५२७ मध्ये तो शहराचा अधिकृत वैद्य झाला, विद्यापीठात शिकवू लागला, तेही लॅटिनऐवजी जर्मनमध्ये. जूनमध्ये सेंट जॉनच्या सणाच्या होळीत त्याने जुन्या वैद्यकाचा जाडजूड ग्रंथच टाकला. तो इब्न सीनाचा होता, असे सांगतात. प्राध्यापक खवळणारच!

ऑक्टोबरमध्ये फ्रोबेन वारले आणि आधार गेला. त्यातच एका धर्माधिकाऱ्याने बरे झाल्यावर ठरलेले १०० गुल्डन न देता सहाच टेकवले. पॅरासेल्सस कोर्टात गेला, हरला, न्यायाधीशांनाच वाट्टेल ते बोलला आणि १५२८ च्या सुरुवातीला त्याला शहर सोडून पळावे लागले. एक वर्षही झाले नव्हते.

त्यानंतरचा वाद जास्त महत्त्वाचा आहे. उपदंशावर तेव्हा अमेरिकेतून आणलेले ग्वायकम लाकूड उकळून देत. या व्यापारात फुगर या बड्या सावकार घराण्याचे हितसंबंध होते. न्युरेम्बर्गमध्ये पॅरासेल्ससने हे लाकूड कुचकामी असल्याचे लिहिले आणि पाऱ्याच्या बेसुमार वापरावरही टीका केली. लाइपझिगच्या वैद्यांनी तक्रार केली आणि त्याचे पुढचे लेखन छापण्यावर बंदी आली. १५३८ मध्ये आपली बाजू मांडताना त्याने विष आणि औषध यांतला फरक मात्रेवर नेऊन ठेवला. विषशास्त्र आजही तिथूनच सुरू होते.

प्रक्रिया नेमकी कशी?

त्याच्या मते प्रत्येक पदार्थात पारा, गंधक आणि मीठ ही तीन तत्त्वे असतात. ही नावे शब्दशः घ्यायची नाहीत. त्याच्या अनुयायांनी बसवलेल्या कृतीत वनस्पती आंबवून मिळणारे मद्य म्हणजे पारा, सुगंधी तेल म्हणजे गंधक आणि राखेतला क्षार म्हणजे मीठ. राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची. आपल्याकडे आघाड्यापासून अपामार्ग क्षार करतात, त्याच्याशी ही पायरी बरीच जुळते. अर्थात, एकाने दुसऱ्याकडून घेतले असे म्हणायला आधार नाही.

इंजिनीअरिंगच्या केमिस्ट्री लॅबमधून पाहिले, तर एक अडचण दिसते. अशा राखेत पाण्यात विरघळणारा क्षार मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असतो, झाड कोणतेही असो. म्हणजे त्या विशिष्ट झाडाचा गुण राखेत फारसा उरत नाही. उपयोगाचा निघाला तो पहिला अर्धा भाग, वेगळे करण्याचा. आजची औषधनिर्मितीही झाडातले नेमके रसायन वेगळे काढते आणि त्याची मात्रा ठरवते. जर्मनीत स्पॅजिरिक औषधे अजूनही बनतात, पण त्यांच्या परिणामाचा ठोस पुरावा नाही.

खाण कामगारांच्या आजारांवरचे त्याचे पुस्तक छापले गेले १५६७ मध्ये. तोवर त्याला जाऊन २६ वर्षे झाली होती. २४ सप्टेंबर १५४१ रोजी साल्झबर्गमध्ये त्याचा मृत्यू झाला, पन्नाशीही गाठली नव्हती. तीन दिवस आधी त्याने एका सराईत मृत्युपत्र केले आणि जे काही थोडेफार होते, त्यातले बरेचसे गरिबांना दिले.