ठोकळ्यांतून उभी राहिलेली घरं

तुमच्या घरी माळ्यावर एक पिशवी असेल बघा. प्लास्टिकची, तोंडाला गाठ मारलेली. आत लाल, पिवळे, निळे ठोकळे आणि त्यातले निम्मे हरवलेले. त्यांचं तुम्ही कधी घर केलंत, कधी रॉकेट, कधी नुसतंच उंच काहीतरी, जे धाकट्या भावंडाने एका धक्क्यात पाडलं. दिवाळी आली की हेच हात मातीत जायचे आणि सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ला उभा राहायचा. मग दहावी आली, क्लास आले आणि पिशवी माळ्यावर गेली. आता कोणी त्या ठोकळ्यांचा विषय काढला, तर आपण हसतो आणि लहानपणीचा खेळ होता, म्हणून सोडून देतो.

फ्रँक लॉइड राइट यांनी तो खेळ सोडून दिला नाही. अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या आर्किटेक्टपैकी ते एक. हजाराहून अधिक इमारतींची डिझाइन्स, त्यातल्या पाचशेहून अधिक प्रत्यक्षात बांधलेल्या. आर्किटेक्चर करणाऱ्या मित्रमैत्रिणींना विचारा, पहिल्या वर्षापासून त्यांच्या डोक्यावर हे नाव आदळत असतं. साठी उलटल्यावर या माणसाने आत्मचरित्र लिहिलं, आणि त्यात आपल्या कामाचं मूळ सांगताना ते थेट बालपणीच्या लाकडी ठोकळ्यांपाशी जाऊन पोहोचले. त्या मेपलच्या ठोकळ्यांचा स्पर्श आपल्या बोटांमधून कधी गेलाच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आईने आणलेली भेट

फ्रँकचा जन्म ८ जून १८६७ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. वडील धर्मोपदेशक आणि संगीताचे शिक्षक. गुणी माणूस, पण पैसा कधी टिकला नाही. नोकरीच्या मागे कुटुंब या गावातून त्या गावात फिरत राहिलं. आई ॲना शिक्षिका होती आणि मुलाच्या बाबतीत फारच महत्त्वाकांक्षी. आपण जन्माला येण्याआधीच आईने आपल्याला आर्किटेक्ट करायचं ठरवलं होतं, असं राइट पुढे सांगायचे. आपल्याकडे मूल पाळण्यात असतानाच त्याला डॉक्टर करून टाकतात, तसंच हे!

१८७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली, म्हणून फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं. नवी यंत्रं, नवे शोध, देशोदेशीचा माल. या सगळ्यात एक कोपरा लहान मुलांच्या शिक्षणाचा होता. तिथे ॲनाला जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिश फ्रोबेल यांची खेळणी दिसली. ती तिने घरी आणली.

फ्रोबेल म्हणजे कोण, असं वाटत असेल तर एवढंच सांगते, की आपण ज्या ज्युनिअर केजी, सीनिअर केजीतून गेलो, त्यातलं 'केजी' यांचंच. किंडरगार्टन हा शब्द त्यांनी १८४० मध्ये दिला. त्याआधी ते बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास करत होते. एका साध्या आकारातून नियमाने वाढत जाणारा स्फटिक त्यांच्या डोक्यात पक्का बसला, आणि तोच विचार त्यांनी मुलांच्या खेळण्यात आणला. आधी लोकरीचे रंगीत चेंडू. मग लाकडी गोल, घन आणि दंडगोल. मग दोन इंचांचा एक लाकडी घन, जो सुटा केला की एक-एक इंचाचे आठ छोटे घन हातात येतात. त्यापुढच्या पेट्यांमध्ये विटांसारखे लांबट तुकडे, तिरके कापलेले त्रिकोणी तुकडे. खेळायचं टेबलही खास. त्यावर एक-एक इंचावर आडव्या-उभ्या रेषा आखलेल्या.

खेळाला नियम होते आणि ते भारी होते. पेटीतला प्रत्येक तुकडा वापरायचा, एकही बाजूला टाकायचा नाही. नवीन आकार करायचा तर आधीचा उधळून द्यायचा नाही, त्यातले तुकडे सरकवत सरकवत त्यातूनच नवा घडवायचा. खुर्चीची शिडी, शिडीचा पूल. त्याच आठ ठोकळ्यांतून कधी गणित शिकायचं, कधी फुलासारखी नक्षी करायची.

नऊ वर्षांचा फ्रँक या टेबलाशी बसला. आई शेजारी होतीच. हा खेळ त्याला नुसता आवडला नाही, तो त्याच्या हातात मुरला.

रेघा तशाच राहिल्या

इथे एक शंका घ्यायला हवी. राइट स्वतःची गोष्ट रंगवून सांगणारा माणूस होता. जन्मसाल १८६७ असताना ते १८६९ सांगत. फ्रोबेलची खेळणी खरं तर केजीच्या वयाच्या मुलांसाठी होती आणि फ्रँक तेव्हा नऊ वर्षांचा होता. शिवाय तेच ठोकळे त्या काळी हजारो घरांत गेले होते, ती सगळी मुलं काही आर्किटेक्ट झाली नाहीत. मग ठोकळ्यांची ही गोष्ट म्हातारपणी रचलेली गोड आठवण तर नाही?

याचं उत्तर त्यांच्या आत्मचरित्रात शोधण्यापेक्षा त्यांच्या इमारतींत शोधलेलं बरं.

आधी थोडा प्रवास बघू. मॅडिसनच्या विद्यापीठात फ्रँकने थोडा काळ काढला, पण डिग्री घेतलीच नाही. १८८७ मध्ये तो शिकागोला गेला, लुई सलिव्हन या मोठ्या आर्किटेक्टच्या हाताखाली लागला. १८८९ मध्ये कॅथरीन टोबिनशी लग्न झालं आणि शिकागोजवळ ओक पार्कमध्ये त्याने स्वतःचं घर बांधलं. सहा मुलं झाली. १८९५ मध्ये घर वाढवताना राइट यांनी मुलांसाठी उंच कमानदार छताची एक खास खेळण्याची खोली केली. कॅथरीन त्याच खोलीत आजूबाजूच्या मुलांसाठी किंडरगार्टन चालवायची. म्हणजे आत्मचरित्र लिहायच्या कितीतरी आधी, ठोकळे घरात होतेच.

आता ओक पार्कचंच युनिटी टेंपल घ्या. १९०५ मध्ये तिथलं जुनं चर्च वीज पडून जळालं. नवीन बांधायला पैसे कमी. राइट यांनी काँक्रीट निवडलं, जे तेव्हा कारखान्या-गोदामांचं मटेरियल समजलं जायचं. मुख्य सभागृहाचा आकार घनासारखा ठेवला आणि बाजू एकसारख्या केल्या. का? काँक्रीट ओतायचे लाकडी साचे पुन्हा पुन्हा वापरता यावेत म्हणून. तेवढेच तुकडे, तेच फिरवून वापरायचे! फोटो शोधून बघा, मोठ्या हातांनी रचलेले ठोकळेच दिसतात.

१९२० च्या दशकात कॅलिफोर्नियात तर राइट यांनी सरळ ठोकळेच बनवले. काँक्रीटचे चौकोनी ब्लॉक, त्यावर नक्षी, आत लोखंडी सळ्या ओवलेल्या. लॉस एंजेलिसच्या एनिस हाउसला असे सत्तावीस हजारांच्या आसपास ब्लॉक लागले. 'ब्लेड रनर' पाहिलाय ना? त्यात हे घर आहे.

पुढे सामान्य माणसाला परवडेल असं घर करायचं त्यांनी मनावर घेतलं. १९३७ मध्ये मॅडिसनमध्ये पहिलं घर उभं राहिलं, ते एका तरुण पत्रकाराच्या कुटुंबाचं. (पत्रकाराला परवडलं, यावरूनच काय ते ओळखा.) खर्च साडेपाच हजार डॉलर, आर्किटेक्टची फी धरून. खर्च आवाक्यात राहिला त्यामागे एक युक्ती होती. अख्खा नकाशा दोन बाय चार फुटांच्या चौकटींवर बसवलेला. भिंत, दार, खिडकी, सगळं त्या रेघांवर. फ्रोबेलच्या टेबलावर इंचाच्या रेघा होत्या, इथे फुटांच्या झाल्या. बालपणीच्या आठवणीत दोन वर्षं इकडची तिकडे होऊ शकतात, नकाशावरच्या रेघा होत नाहीत.

माणसं ठोकळे नसतात

हे सगळं वाचून राइट फार गोड माणूस असतील असं वाटलं असेल, तर थांबा.

१९०९ मध्ये त्यांनी कॅथरीनला आणि सहा मुलांना सोडलं आणि एका क्लायंटची पत्नी, मेमा चेनी, हिच्यासोबत युरोप गाठलं. कमानदार खोली तिथेच राहिली, बाबा गेले. परतल्यावर विस्कॉन्सिनमध्ये मेमासोबत राहण्यासाठी त्यांनी टॅलिसिन हे घर बांधलं. ऑगस्ट १९१४ मध्ये, राइट शिकागोत कामावर असताना, घरातल्या एका नोकराने आग लावून सात जणांचा जीव घेतला. त्यात मेमा आणि तिची दोन मुलं होती. राइट यांनी ते घर पुन्हा बांधलं. पुढे ते परत जळालं आणि परत बांधलं. उधारी तर आयुष्यभर पाठीशी होती. छपरं गळायची ती वेगळीच, आणि एनिस हाउसच्या ब्लॉकमध्येही पाणी मुरलंच.

दुसरा मुलगा जॉन याची गोष्ट मात्र जास्त लागते. तो वडिलांचा सहायक म्हणून टोकियोला गेला होता. तिथे राइट इंपीरियल हॉटेल बांधत होते, तेच जे १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपात पडझड सोसूनही उभं राहिलं. पण त्याच्या कितीतरी आधी पगारावरून बापलेकांत खटका उडाला आणि वडिलांनी मुलाला कामावरून काढून टाकलं.

नोकरी गेलेल्या जॉनने काय केलं? खेळणं बनवलं! टोकांना खाचा पाडलेले छोटे लाकडी ओंडके, एकात एक अडकवून घर करता येईल असे. टोकियोच्या हॉटेलच्या पायातली रचना पाहून ही कल्पना सुचली, असं सांगतात. 'लिंकन लॉग्ज' नावाने ते बाजारात आले, १९२० मध्ये पेटंट मिळालं आणि अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या त्याच्याशी खेळल्या. वडिलांनी ठोकळ्यांपासून घरं केली होती. ज्या मुलाला त्यांनी दूर केलं, त्याने घरापासून पुन्हा खेळणं केलं. या दोघांना एकमेकांशी बोलायला जमलं नसेल तेव्हाही भाषा एकच होती.

फ्रोबेलच्या खेळातला प्रत्येक तुकडा वापरायचा, एकही बाजूला टाकायचा नाही, हा नियम राइट यांनी इमारतींत पाळला. घरच्या माणसांच्या बाबतीत पाळला नाही. लहानपणीचा खेळ आपल्याला बघायला शिकवतो, पण चांगलं वागायला आपोआप शिकवत नाही, एवढं या आयुष्यातून नक्की कळतं.

अडुसष्टाव्या वर्षी परत खेळायला

१९३० च्या आसपास मंदी आली आणि राइट संपले असंच सगळ्यांना वाटलं. कामं नव्हती, वय साठीच्या पुढे. याच रिकाम्या काळात, १९३२ मध्ये, ते आत्मचरित्र आलं. त्याच वर्षी टॅलिसिनमध्ये त्यांनी शिकाऊ मुलामुलींना घेऊन काम सुरू केलं. आणि १९३५ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, पेन्सिल्व्हेनियातल्या एका धबधब्यावर त्यांनी घर काढलं. फॉलिंगवॉटर. खालून पाणी वाहतंय आणि वर काँक्रीटच्या गच्च्या एकावर एक सरकवून ठेवल्यासारख्या. लांबट ठोकळे टेबलाच्या कडेबाहेर किती काढले तर पडणार नाहीत, हे आपण सगळ्यांनी करून पाहिलंय. इथे मात्र खरीच माणसं त्यावर राहणार होती.

टॅलिसिनच्या या मुलांमधला एक धागा थेट आपल्याकडे येतो. मुंबईच्या सर जे. जे.मध्ये शिकलेले नारी गांधी १९५० च्या दशकात तिथे गेले, काही वर्षं राहिले आणि परत आल्यावर अलिबाग-लोणावळ्याच्या बाजूला त्यांनी वीट आणि दगडाची वेगळीच घरं उभी केली. तीही बरीचशी ड्रॉइंग न काढता, जागेवर उभं राहून, गवंड्यांसोबत हाताने घडवत.

राइट ९ एप्रिल १९५९ रोजी गेले, एक्याण्णव वर्षांचे होऊन. न्यूयॉर्कचं गुगेनहाइम म्युझियम, त्यांचं गोल गोल चढत जाणारं शेवटचं मोठं काम, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उघडलं. २०१९ मध्ये त्यांच्या आठ इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या. आणि लेगो कंपनीने फॉलिंगवॉटर, गुगेनहाइम, इंपीरियल हॉटेल यांचे सेट काढलेत. म्हणजे ठोकळ्यांपासून सुरू झालेली घरं परत ठोकळ्यांच्या डब्यात गेली, आणि इंपीरियल हॉटेल तर मूळ जागेवरून १९६८ मध्ये पाडलं गेलं, तरी कुणाच्या तरी टेबलावर पुन्हा उभं राहतंय.

तुम्ही कॉमर्सला असा, इंजिनीअरिंगला असा नाहीतर माझ्यासारखे मास कॉमला, येत्या सुट्टीत घरी गेलात की ती माळ्यावरची पिशवी एकदा खाली काढा. फेकून द्यायच्या आधी जरा आठवा, तुम्ही त्यातून सतत काय बनवायचात? उंच मनोरा? गुरं आणि माणसं असलेलं अख्खं गाव? की दुसऱ्याने केलेलं उकलून, ते कसं जोडलंय हे बघत बसायचात? प्लेसमेंटच्या फॉर्मवर असा रकाना नसतो. पण करिअरचं कोडं सुटत नसेल तेव्हा ॲप्टिट्यूड टेस्टआधी या प्रश्नाचं उत्तर लिहून बघायला हरकत नाही.

आणि पिशवी शोधताना धाकटं भावंडं मध्ये आलं, तर या वेळी त्यालाही खेळायला घ्या. तेवढं राइट यांच्यापेक्षा आपल्याला नक्की बरं जमेल.