मुष्टियुद्धाला बचाव शिकविणारा मेंडोझा

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मुष्टियुद्ध ही निव्वळ बळाची आणि सोशिकतेची कसोटी होती. हातमोजे नसत, वजनी गट नसत. दोघे समोरासमोर ठाकत आणि एक जण उठेनासा होईपर्यंत एकमेकांना ठोसे हाणीत. मागे सरणे किंवा वार चुकविणे म्हणजे भ्याडपणा, अशीच प्रेक्षकांची समजूत होती. १७४३ मध्ये जॅक ब्रॉटनने पडलेल्याला मारू नये असा नियम घालून दिला होता. परंतु उभ्या माणसाने स्वतःला कसे वाचवावे, याचे शास्त्र मात्र डॅनियल मेंडोझाने रूढ केले.

पूर्व लंडनमधील एका ज्यू कुटुंबात १७६४ च्या सुमारास जन्मलेला मेंडोझा उंचीने ५ फूट ७ इंच आणि वजनाने ७२ किलोंच्या आसपास होता. एका चहाच्या व्यापाऱ्याकडे नोकरीस असताना मालकाच्या अंगावर येणाऱ्या हमालाशी तो भिडला. त्या झुंजीत त्याचा पाठीराखा म्हणून उभा होता रिचर्ड हंफ्रीज. पुढे हाच त्याचा कट्टर वैरी ठरला.

आपल्याहून धिप्पाड माणसाशी ठोशास ठोसा देऊन आपला निभाव लागणार नाही, हे मेंडोझाने लवकरच ओळखले. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मुष्टियुद्धावरील पुस्तकात ठोशाआधी तोल येतो. शरीर असे तोलावे की, पुढे-मागे सरताना वा डावा-उजवा पवित्रा बदलताना अडखळायला होऊ नये. गुडघे किंचित वाकलेले, डावा पाय पुढे, धड तिरके आणि दोन्ही हात हनुवटीसमोर. बाजूने डोक्यावर येणारा फटका दंडावर झेलावा, चेहऱ्यावरचा वा पोटावरचा हाताच्या पुढच्या भागावर, आणि बरगड्या कोपरांनी झाकाव्यात. धड्यांची रचनाही व्यवहारी आहे: गुरूने ठोसा मारायचा, शिष्याने तो अडवून तत्काळ उलटवायचा. नवशिका ठोसा मारण्याच्या भरात तोल पुढे घालवतो आणि दुसरा हात खाली सोडतो, हे कोणत्याही आखाड्यात आजही दिसते. मेंडोझाच्या धड्यांचा रोख नेमका याच दोषावर आहे. अडवणे आणि मारणे या त्याच्या लेखी दोन वेगळ्या क्रिया नव्हत्याच.

त्याची खरी परीक्षा हंफ्रीजने घेतली. जानेवारी १७८८ मध्ये ओडिहॅम येथे, पावसाने निसरड्या झालेल्या मंचावर मेंडोझा घसरून जायबंदी झाला आणि हरला. ज्या कलेचा पायाच पावलांवर उभा होता, तिची ही मोठीच नामुष्की. त्यानंतर दोघांनी वृत्तपत्रांतील पत्रांतून परस्परांना यथेच्छ सुनावले. मे १७८९ मध्ये स्टिल्टन येथे आणि सप्टेंबर १७९० मध्ये डॉनकास्टर येथे मात्र मेंडोझाने त्याला हरविले. तो लोकप्रिय झाला, लंडनमध्ये शिकवण्या घेऊ लागला आणि १७९२ मध्ये बिल वॉरला नमवून इंग्लंडचा विजेता म्हणून ओळखला गेला. ज्यूंना रस्तोरस्ती हिणवणाऱ्या त्या शहरात हे यश साधे नव्हते.

या पद्धतीला एक तोड मात्र निघाली. एप्रिल १७९५ मध्ये हॉर्नचर्च येथे जॉन जॅक्सन या उंच्यापुऱ्या प्रतिस्पर्ध्याने मेंडोझाचे लांब केस एका हाताने धरले आणि दुसऱ्या हाताने त्याला बडविले. केस मुठीत सापडलेल्याने सरकावे कोठे? दहा-अकरा मिनिटांत झुंज आटोपली. पराभव हिरावून घेतल्यासारखा वाटतो खरा, परंतु ब्रॉटनच्या नियमांत केस धरण्यास मनाई नव्हती.

जॅक्सनने पुढे बाँड स्ट्रीटवर उमरावांसाठी शिकवणी वर्ग चालविले. कवी बायरन त्याचा शिष्य. मेंडोझाच्या वाट्याला कर्ज आले. १८०९ मध्ये कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहातील तिकीट दरवाढीविरुद्ध प्रेक्षकांनी दंगा केला, तेव्हा त्यांना आवरण्यासाठी व्यवस्थापनाने त्याला पैसे देऊन आणले. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतले होते, त्याच सामान्य लोकांचा रोष त्याने ओढवून घेतला. १८१६ मध्ये त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. ३ सप्टेंबर १८३६ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा कुटुंबासाठी मागे काहीही उरले नव्हते.