मलिक अंबर : दख्खनच्या जमिनीचा हिशेब मांडणारे वजीर

मलिक अंबर यांचं नाव घेतलं की लोकांना गनिमी कावा आठवतो, नाहीतर नहर-ए-अंबरी. आम्ही शिक्षक मंडळी वर्गातही बहुतेक तेवढंच सांगतो. पण या माणसाने जमिनीचा जो बंदोबस्त लावला, तो लढायांपेक्षा जास्त टिकला. त्याबद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही.

त्यांचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशाण, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीचं नाव चापू. गुलाम म्हणून विकले गेले. बगदादच्या एका मालकाकडे शिक्षण आणि हिशेबाचं काम शिकले, अंबर हे नावही मिळालं. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचे पेशवे चंगीझ खान यांनी त्यांना विकत घेतलं. चंगीझ खान स्वतःही हबशीच. त्यांच्या हाताखाली अंबर यांनी राज्यकारभार जवळून पाहिला. मालकाच्या इंतकालनंतर ते आझाद झाले आणि शिपाईगिरी करत वर चढले.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही संपली असंच सगळ्यांना वाटलं. तेव्हा मलिक अंबर यांनी परांड्याला दुसरे मुर्तजा निजामशाह यांना तख्तावर बसवलं आणि स्वतः वजीर म्हणून राज्य सांभाळलं. १६१० मध्ये खडकी शहर वसवलं. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर.

सततच्या लढायांनी गावं उजाड झाली होती. त्यात इजारा पद्धत होती. म्हणजे वसुलीचा मक्ता घ्यायचा, दरबारात ठरलेली रक्कम भरायची आणि रयतेकडून वाटेल तेवढं ओरबाडायचं. मलिक अंबर यांनी ही मक्तेदारी बंद केली. जमीन कशी आहे, पीक किती येतं, हे पाहून सारा ठरवला. आधी धान्याच्या रूपात हिस्सा घेतला, आणि काही हंगामांचा अनुभव आल्यावर त्याची रोख रक्कम बांधली. दरवर्षी जेवढी लागवड, त्या मानाने सारा. मोडकळीला आलेली पाटील-कुलकर्ण्यांची गावव्यवस्था पुन्हा उभी केली. वसुलीचं काम ब्राह्मण कारकुनांकडे होतं आणि देखरेख मुसलमान अंमलदारांची. ज्याची जमीन पिढीजात मिरास, त्याचा हक्क मानला.

१६२४ मध्ये भातवडीला त्यांनी मोगल आणि आदिलशाही फौजांचा एकत्र पराभव केला. शहाजीराजे त्या लढाईत त्यांच्याच बाजूने होते. १६२६ मध्ये मलिक अंबर यांचं निधन झालं. खुलताबादला त्यांची मजार आहे. हयातभर ज्यांच्याशी झुंजले, त्या मोगल दरबारच्या इतिहासकारानेही त्यांच्या कारभाराची तारीफ लिहून ठेवली. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी नवी मोजणी केली, तोवर या मुलखात मलिक अंबर यांचाच धारा ओळखीचा होता.

हे आज सांगायचं कारण आहे. मौजे, तालुका, जमाबंदी, कब्जेदार हे शब्द आपल्या घरातल्या उर्दूला अनोळखी नाहीत, तरी आपल्याच सातबाऱ्यावर काय लिहिलंय हे आपण वाचत नाही. कित्येक घरांत जमीन अजून आजोबांच्या नावावर आहे. वारस नोंद झालेली नाही. लेकीचा हिस्सा शरीयतने ठरवून दिलाय, पण फेरफारात तिचं नाव नाही. कब्रस्तानची आणि मशिदीची जमीन गावाला तोंडपाठ असते, कागदावर मात्र दुसरंच काही. वाद उभा राहिला की कागद विचारला जातो, आठवण नाही.

आता सातबारा मोबाईलवरही पाहता येतो. या सुटीत घरातल्या मुलामुलींना सोबत बसवा, आपला गट नंबर शोधा, नावं तपासा. चूक असेल तर तलाठ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. गुलाम म्हणून आलेल्या एका माणसाने सुमारे चारशे वर्षांपूर्वी अख्ख्या मुलखाच्या जमिनीचा हिशेब लावला. आपल्याला फक्त आपल्या घराचा आणि मोहल्ल्याचा लावायचा आहे.