हृदयाची वाट ओळखणारा हकीम

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील गावांत सध्या रोज रात्री तरावीहच्या सफा भरत आहेत. कोकणातील बहुतांश मुस्लिम समाज शाफई मसलक मानतो. याच मसलकचा फिकह कैरोच्या मदरशात शिकवणारे एक आलिम साडेसातशे वर्षांपूर्वी होऊन गेले. ते नामवंत हकीमही होते. त्यांचे नाव अलाउद्दीन इब्न अन-नफीस.

त्यांचा जन्म १२१३ च्या सुमारास दमास्कसजवळ झाला. सुलतान नूरुद्दीन झंगी यांनी उभारलेल्या दमास्कसच्या नूरी रुग्णालयात ते वैद्यक शिकले. पुढे ते कैरोला गेले आणि तिथेच स्थायिक झाले. दिवसा रुग्ण, मदरशात फिकहचे धडे आणि हातात कायम लेखणी, असे त्यांचे आयुष्य होते. एकदा हमामखान्यात स्नान चालू असताना नाडीविषयी काही सुचले, तेव्हा ते तसेच बाहेर आले, कागद-कलम मागवून लिहून काढले आणि मगच उरलेले स्नान पुरे केले, अशी आठवण त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे.

त्या काळी वैद्यकात ग्रीक हकीम जालीनूस, म्हणजे गेलन, आणि इब्न सीना यांचा शब्द अखेरचा मानला जाई. हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून डावीकडे झिरपते, असे जालीनूसने सांगितले होते आणि हजार वर्षे तेच शिकवले जात होते. १२४२ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, इब्न अन-नफीस यांनी इब्न सीनांच्या ‘कानून’मधील शरीररचनेवर भाष्य लिहिले आणि हे मत नाकारले. हा पडदा जाड आहे, त्यात छिद्र नाही. उजवीकडचे रक्त फुफ्फुसांत जाते, तिथे हवेशी मिसळते आणि मग डाव्या कप्प्यात येते, असे त्यांनी मांडले.

दुसरा मुद्दा हृदयाच्या स्वतःच्या पोषणाचा होता. उजव्या कप्प्यात साठलेल्या रक्तावर हृदय पोसते, असे इब्न सीना मानत. इब्न अन-नफीस यांच्या मते हृदयाचे पोषण त्याच्या मांसातच पसरलेल्या वाहिन्यांतून होते. आज त्यांनाच आपण करोनरी धमन्या म्हणतो. अँजिओग्राफीत याच धमन्यांतील अडथळा शोधतात. आधुनिक स्कॅनमध्ये हृदयाच्या स्नायूचे त्रिमितीय, रंगीत चित्र पडद्यावर उमटते आणि कोणत्या भागात रक्त कमी पोचते ते डॉक्टर दाखवतात. यातले एकही यंत्र नसताना या हकिमांनी ती वाट ओळखली होती.

ज्यांच्या ग्रंथावर भाष्य लिहायचे, त्यांचीच चूक दाखवणे सोपे नव्हते. पण इब्न सीनांचा अनादर त्यांनी कधी केला नाही. ‘कानून’चा त्यांनी केलेला संक्षेप ‘मुजज’ पुढे भारतातील युनानी हकीमही अभ्यासत राहिले. हृदयावरचे ते पान मात्र विस्मृतीत गेले. संपूर्ण शरीरातील रक्ताभिसरण विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये मांडले. इब्न अन-नफीस यांचे हस्तलिखित १९२४ मध्ये बर्लिनच्या ग्रंथालयात एका इजिप्शियन डॉक्टरच्या, मुहियुद्दीन अत-ततावी यांच्या, हाती लागले. तेव्हा कुठे जगाला त्यांची ओळख पटली.

अखेरच्या आजारात सोबतच्या हकिमांनी त्यांना औषध म्हणून मद्य घेण्यास सुचवले. अंगात मद्य घेऊन अल्लाहसमोर जायचे नाही, म्हणून त्यांनी ते नाकारले. डिसेंबर १२८८ मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले. जाण्यापूर्वी आपले घर आणि ग्रंथसंग्रह त्यांनी कैरोच्या मन्सूरी रुग्णालयाला वक्फ केला होता. जकात-सदक्याच्या या महिन्यात हेही आठवावे, की इल्म हीसुद्धा देऊन जाण्याची दौलत आहे.