सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, पण कमला भागवत मागे हटल्या नाहीत

थंडीत वरसे, रोहा, पेण या पट्ट्यात गेलात तर वालाच्या शेंगा आणि पोपटी यांना पर्याय नाही. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा आणि बाहेरून जाळ. घरात बिरडं करायचं तर वाल भिजवा, मोड आणा, सोला आणि मग शिजवा. हा खटाटोप चवीसाठी आहेच, पण कच्च्या वालाच्या पोटात एक रासायनिक भानगडही आहे. तिचा छडा लावणाऱ्यांत मुंबईच्या एका प्राध्यापक बाई होत्या. डॉ. कमला सोहोनी.

माहेरच्या त्या भागवत. जन्म १८ जून १९११, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. बहीण दुर्गा भागवत, त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको.

१९३३ मध्ये कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. आता बंगळूरला प्रवेश मिळणार हे त्यांनी गृहीतच धरलं होतं. पण संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज फेटाळला, कारण अर्जदार मुलगी होती. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करण्याची तयारी दाखवली. शेवटी रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष चाचणीचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट कुठल्या मुलाला घातली गेली नसती. कमलाबाईंना हा अपमान आयुष्यभर सलला. वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली. पुढचा मुक्काम केंब्रिज, नोबेल विजेते फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांना सापडलं की वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी आहे. पेशी श्वसनातून ऊर्जा मिळवतात, त्या साखळीतली ही एक महत्त्वाची कडी. प्रबंध जेमतेम ४० पानांचा आणि पीएच.डी. १९३९ ची.

इंटरनेटवर त्यांना सर्रास ‘विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय महिला’ म्हटलं जातं. इथे थोडं जपून. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांनी १९३१ मध्येच अमेरिकेतून डॉक्टरेट मिळवली होती. कमलाबाईंचं कर्तृत्व मोठं ठरायला ‘पहिली’ हा शिक्का लागतच नाही.

१९३९ मध्येच त्या भारतात परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. १९४७ मध्ये विमा क्षेत्रातले गणिततज्ज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईत आल्या. इथल्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

आता वालाची भानगड. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर प्रथिनं तोडतं. कच्च्या वालात याच ट्रिप्सिनला अडवणारं एक प्रथिन असतं. म्हणजे वाल खाल्ले, पण त्यातलं पोषण अंगी लागायला अडथळा. शिजवल्यावर उष्णतेने हे प्रथिन बऱ्याच अंशी निकामी होतं. वाल आणि डबल बी यांतली ही अडवणारी प्रथिनं सोहोनी आणि त्यांचे सहकारी के. एस. अंबे यांनी स्फटिकरूपात वेगळी केली. हे काम १९५५ मध्ये ‘नेचर’ या नामांकित नियतकालिकात छापून आलं.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचाही अभ्यास केला. ताडा-माडाचा हा रस आंबण्याआधी प्यायला तर त्यात जीवनसत्त्वं आणि लोह मिळतं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायांसाठी तो स्वस्त आहार ठरू शकतो, असं या कामातून पुढे आलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. विज्ञान संस्थेचं संचालकपद मात्र फार उशिरा वाट्याला आलं.

पुढे त्या ग्राहक चळवळीत उतरल्या. कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या त्या संस्थापक सदस्य आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्ष. संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात त्या ग्राहकांच्या सुरक्षिततेबद्दल लिहायच्या.

१९९८ मध्ये आयसीएमआरने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि काही दिवसांत गेल्या. २०२३ च्या १८ जूनला गूगलने त्यांचं डूडल केलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं.